दादांची निळी लिली

अर्ध्या पेठेची डोकी दादांच्या हाताखालून गेली होती. पण उतारवयात त्याच हातांना कंप सुटला. एकदा गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावून झाला, वस्तरा उचलला आणि तो हवेतच थरथरू लागला. शेजारच्या खुर्चीवर काम करणाऱ्या मुलानं पुढे होऊन तो हळूच काढून घेतला.

"बाबा, तुम्ही जरा बाहेर वाऱ्याला बसा."

बोलला प्रेमानंच, पण भरल्या दुकानात. दादा बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही बसले. मग तो बाकच त्यांचा झाला.

सार्वजनिक बागेतल्या माळ्यानं, जुन्या गिऱ्हाइकानं, त्यांना आफ्रिकन लिलीचा गड्डा आणून दिला. "उन्हात ठेवा, दादा. उंच दांड्यावर निळ्या फुलांचा चेंडू येतो. बघत राहाल."

दादांनी तो कुंडीत लावून बाकाशेजारी ठेवला. पानं आली ती पट्ट्यासारखी लांब, चारही बाजूंनी झुकलेली. थेट वाढलेले केस! दादांचे हात शिवशिवले. त्यांनी कात्री आणून पानं गोल, एकसारखी कापली. पुढे दर आठवड्याला तोच उद्योग. गिऱ्हाइकं विचारायची, "दादा, हिची दाढी कधी?"

उन्हाळा गेला, फूल नाही. दादांनी मोठी कुंडी आणली, मग त्याहून मोठी. खत घातलं. लिली ढिम्म.

शेवटी सूनबाईला राहवलं नाही. "बाबा, रागावणार नसाल तर बोलू?"

"बोल की."

"माझ्या आईकडे होती ही. पानांवरच तर तिचं पोट भरतं, आणि तुम्ही तीच छाटताय. वर सारखं बिऱ्हाड बदलताय तिचं. तिला दाटीवाटीच मानवते."

"माझ्या कात्रीला नावं ठेवणारी तूच पहिली!" दादा फुरंगटले. दोन दिवस तिच्या हातचा चहाही घेतला नाही. पण कात्री मात्र खणात गेली. पानं वाटेल तशी वाढली, तसे दादा हात मांडीखाली दाबून बसू लागले.

पुढच्या उन्हाळ्यात पानांमधून एक दांडा वर आला. टोकाची कळी फुगली, तिचं साल फाटलं आणि आतून निळीच निळी फुलं उमलली. दादांनी पहिली हाक सूनबाईला मारली. "अगं ए, धावत ये! तुझ्या माहेरची आलीये!" मुलगा बाहेर आला, आणि त्याच्यामागून अर्ध्या गालाला साबण असलेलं गिऱ्हाईकही.

मग ती दरवर्षी फुलत राहिली, आणि एक दिवस मुळांच्या रेट्यानं कुंडीच तडकली. आता गड्ड्याचे भाग करणं आलं. मुळं अशी घट्ट गुंतलेली की मुलानं सुताराकडून करवत आणली.

"सरका बाबा, मी करतो," म्हणाला, आणि वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. करवत त्यानं त्यांच्या हातात दिली. "नाही, तुम्हीच करा. मी धरतो."

"इथं हात थरथरला तर कुणाचा कान जायचा नाही," दादा म्हणाले आणि कापू लागले.

गड्डा धरून बसलेला मुलगा खालच्या मानेनं म्हणाला, "बाबा, त्या दिवशी दुकानात... सगळ्यांसमोर..."

"नीट धर. हलतोय."

करवत बराच वेळ चालत राहिली.

"तुझं बरोबर होतं," दादा म्हणाले. "म्हणून तर जास्त लागलं."

ते तुकडे शिंपी, घड्याळवाला, औषधवाला अशा साऱ्या पेठेत वाटले गेले. पुढच्या उन्हाळ्यात कुणाकडेच फूल येईना. जो तो बाकापाशी तक्रार घेऊन आला. "अहो, अंगावरून करवत फिरलीये तिच्या," दादा सांगायचे. "रुसणारच. जरा दमानं घ्या."

रुसवा गेला आणि रस्त्याच्या दोन्ही बाजू निळ्या झाल्या. तोवर दादांना जिना उतरवत नव्हता. सूनबाईनं त्यांचा पलंग खिडकीला लावला. तिथून ते कुंड्या निरखत पडून राहत. एका सकाळी त्यांनी मुलाला बोलावलं.

"घड्याळवाल्याची कुंडी सावलीत आलीये. माणूस दिवसभर काट्यांकडे बघतो, उन्हाकडे कधी बघणार? जा, सांग त्याला."

"दुकान उघडून मग जातो, बाबा."

"आधी जा."

मुलगा हसला आणि किल्ल्या खिशात टाकून रस्ता ओलांडून गेला.