खवट लाडवाला पाच चिंचोके

काष्टीच्या आमच्या घरात माझ्या स्वयंपाकाला कोणी कधी नाव ठेवलं नाही, आणि त्यामुळेच माझं संशोधन बुडायची वेळ आली.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. मी कृषी महाविद्यालयात एम.एस्सी. करत होते, विषय अन्नशास्त्र, आणि प्रबंध पुरा व्हायच्या आत माझं लग्न झालं होतं. नगरला मास्तरांच्या घरात वाढलेली मी, दिली काष्टीच्या शेतकरी घरात. आमचे हे तिथल्याच हायस्कुलात गणित शिकवत. आमच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत आणि सासऱ्यांना मामा. आत्यांच्या हातचे लाडू अख्ख्या आळीत नावाजलेले. कुणाकडे लग्न निघालं की पहिलं बोलावणं आत्यांना. मामांचा लौकिक जरा वेगळा होता. शनिवारच्या बाजारात बैल घ्यायचा असला की लोक मामांना मुद्दाम बरोबर नेत, बैलाला नावं ठेवायला. मालकाचं तोंड उतरेपर्यंत मामा बोलत आणि बैल स्वस्तात मिळे.

घरातही त्यांचा तोच खाक्या. आमटीत मीठ कमी पडलं की ताट सरकवून मोकळे (आत्यांच्या आमटीत बरं का, माझ्या नव्हे). वसतिगृहातून सुटीला आले की मी थापायची त्या भाकरीबद्दल मात्र त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता. ती तव्याला चिकटायची, मधेच फाटायची, एका बाजूने कच्ची आणि दुसऱ्या बाजूने कोळसा व्हायची. मामा निमूटपणे खायचे. यावरून मी काय निष्कर्ष काढला? की भाकरी मला उत्तम जमते. शास्त्रज्ञ होते ना मी!

माझं संशोधन लाडवांवरच होतं. शेंगदाण्यात तेल असतं, त्याला हवा आणि उष्णता लागली की ते खवट होतं, आणि आवळ्यात असं काही असतं की ते हा खवटपणा रोखून धरतं. हल्ली त्याला अँटिऑक्सिडंट म्हणतात आणि चहाच्या पुड्यावरसुद्धा तो शब्द छापलेला असतो. तेव्हा तो फक्त माझ्या प्रबंधात होता आणि मला मार्गदर्शन करणाऱ्या आमच्या सरांच्या तोंडी. राजूरच्या बाजारातून आवळे मागवले, ते वाफवले, सावलीत वाळवले (उन्हात वाळवले तर त्यांचा गुण जातो, असं सरांचं ठाम मत) आणि त्यांची पूड केली. मग शेंगदाणे आणि गुळाचे लाडू वळले. एका डब्यात आवळ्याची पूड घातलेले, दुसऱ्या डब्यात साधे. दोन्ही डबे पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवून दिले. काष्टीचा उन्हाळा पुढचं काम स्वतःच करणार होता.

उन्हाळा सरत आला तेव्हा सर म्हणाले, "आता चव घेणारी माणसं पाहिजेत. कॉलेजातली नकोत, ती मला घाबरतात. तोंडावर बोलणारी माणसं आहेत का कुठे?"

मी छाती पुढे काढून म्हणाले, "सर, आमच्या घरी या."

ही चाचणी फसली तर आणखी एक वर्ष वसतिगृहात काढावं लागणार होतं. म्हणजे लग्न होऊनही माझं धड माहेर नाही की धड सासर नाही. हे मी आत्यांना एकदा चूल फुंकता फुंकता बोलून गेले होते. तिथेच घोटाळ्याची पेरणी झाली.

ठरल्या दिवशी सर आले. ओसरीवर मामा, आत्या, शेजारच्या ठकूमावशी आणि आळीतली आणखी पाचसहा माणसं बसवली, सगळ्यांची तोंडं भिंतीकडे. एकाचा चेहरा बघून दुसऱ्याने मत बनवायचं नसतं.

"आमी काय चोरी केलीया व्हय गं?" ठकूमावशी म्हणाल्या.

प्रत्येकापुढे दोन द्रोण आणि प्रत्येक द्रोणात एक लाडू. लाडू खाऊन त्याच द्रोणात चिंचोके टाकायचे: लई आवडला तर पाच, अजिबात नाही आवडला तर एकही नाही. मध्ये कुणी बोलायचं नाही. कुठला लाडू कसला, हेही सांगितलं नव्हतं.

ओसरीवर फक्त चावण्याचे आवाज येत होते. मामांनी एक लाडू भराभर संपवला. दुसरा खाताना त्यांची पाठ मधेच ताठ झाली, मान एकदा हलली, आणि मग तोही संपला. सरांनी द्रोण गोळा केले. आवळ्याच्या लाडवाला सगळ्यांचे पाच चिंचोके. साध्या लाडवालाही सगळ्यांचे पाच. ठकूमावशींच्या द्रोणात तर सात निघाले.

"सात कसे?" सरांनी विचारलं.

"दोन माजे घरचे हायेत," ठकूमावशी म्हणाल्या. "पोर लई राबलीया, सायेब."

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. उन्हाळाभर पत्र्याखाली राहिलेला लाडू खवट झालाच नाही? त्यांनी साध्या लाडवाचा तुकडा तोंडात टाकला. त्यांचे डोळे विस्फारले. इतक्यात आत्या पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"कसा हाय, सायेब? आमच्या सुनंनं केलाय."

सरांनी आत्यांच्या तोंडाकडे पाहिलं, घास गिळला आणि म्हणाले, "उत्तम."

मग मी स्वतः एक लाडू खाल्ला आणि तोंड दाबून परसात धावले. रॉकेल आणि जुनी गोधडी एकत्र चघळल्यासारखी चव होती. तोंड धुऊन परत येऊन मी आत्यांना विचारलं, "आत्या, खवट लागला नाही तुम्हाला?"

"लागला की. मला काय जीभ न्हाई व्हय?"

"मग पाच चिंचोके का टाकलेत?"

"तुजा निकाल हुता आज. घरच्या मान्सांनीच नापास करायचं व्हय तुला?" आदल्या दिवशी त्या आळीत घरोघरी जाऊन सांगून आल्या होत्या, की उद्या आमच्या सुनेची परीक्षा हाय, कुनी हात आखडता घ्यायचा न्हाई.

"आणि मामा, तुम्ही? तुम्ही तर कुणाची भीडभाड ठेवत नाही!"

मामांनी मिशीवरून हात फिरवला. "पोरी, वरीस झालं तुजी भाकरी खातूय. कदी बोललो का? मंग लाडवालाच कशाला बोलू?"

माझ्या आयुष्यातला पहिला शास्त्रीय निष्कर्ष जागच्या जागी कोसळला. मला रडू आलं, आणि हसूही आलं, आणि दोन्हीचं कारण तेच होतं: ही सगळी माणसं माझ्यासाठी रॉकेल खाऊन बसली होती.

सर हार मानणारे नव्हते. पुढच्या शनिवारी पुन्हा आले आणि त्यांनी सगळ्यांना जाहीर केलं, "हे लाडू सुनबाईंचे नाहीत. हे सरकारी लाडू आहेत."

परिणाम ताबडतोब दिसला. दोन्ही द्रोणांत एकही चिंचोका नाही! दुष्काळात रेशनवरच्या मिलोच्या, म्हणजे परदेशी तांबड्या ज्वारीच्या, भाकरी खाऊन झालेल्या त्या माणसांना सरकारी म्हटल्यावर आवळ्याचा ताजातवाना लाडूसुद्धा घशाखाली उतरेना.

"सरकारनं दिलेलं कदी ग्वाड लागलंय व्हय?" मामा म्हणाले, आणि ओसरीवरच्या सगळ्या पाठींनी माना डोलावल्या.

लोक पांगले. सर डोक्याला हात लावून बसले. "सुमन, आता लाडू कुणाचे म्हणून सांगायचं? तुझे म्हटलं तर पाच, सरकारचे म्हटलं तर शून्य. यंदा प्रबंध देता यायचा नाही असं दिसतंय."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आत्यांचा आवाज आला. "माजं नाव सांगा."

मी वळून पाहिलं. त्या पदराला हात पुसत होत्या.

"आत्या, असले लाडू तुमच्या नावावर? आळीत काय म्हणतील?"

"म्हनू दे. लाडू काय, फिरून वळता येत्यात. तुजं वरीस कुटून आनायचं?"

एखाद्या घरात वर्षानुवर्षं राहूनही मिळत नाही तेवढी माया मला त्या दारात मिळाली.

तिसरा शनिवार मामांचा होता. लाडू बायकोने केले आहेत हे कळताच बैलबाजारातला माणूस जागा झाला. आवळ्याचा लाडू खाऊन त्यांनी चार चिंचोके टाकले. बोलायचं नाही हा नियम त्यांच्या ध्यानातही राहिला नाही. "ह्यो बरा हाय. आंबूस हाय, पन आनिक खावा वाटतो." दुसरा तोंडात घातला मात्र, तो त्यांनी थेट अंगणात थुंकला. "आगं ह्यो लाडू हाय का पेंड? ढोरंबी न्हाई खायाची! आन तुज्या मेथीच्या लाडवाचंबी मी मागंच सांगनार हुतो..." लग्नापासून साठलेलं सगळं बाहेर आलं. सर भराभर लिहून घेत होते. त्यातलं बरंचसं प्रबंधाच्या कामाचं नव्हतं.

बाकीच्यांनीही तेच केलं. आवळ्याच्या लाडवाला तीन, चार. साध्याला काही नाही. ठकूमावशींनी तर तो द्रोण उचलून पालथा घातला, सगळ्यांना दिसेल असा.

सरांच्या चेहऱ्यावर चांदणं पडलं. मी आत गेले. आत्या चुलीपुढे पदर तोंडावर धरून बसल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. जवळ जाऊन बघते तर बाई हसत होत्या.

"ठकीनं द्रोन पालथा घातला, बघितलंस का? किती वर्सं वाट बघत हुती गं ती!"

हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले. त्या वर्षी आळीत दोन लग्नं झाली आणि लाडवांचं बोलावणं ठकूमावशींना गेलं. मी दोनदा म्हटलं, की मी खरं काय ते सगळ्यांना सांगून टाकते. दोन्ही वेळा आत्यांनी मला गप्प केलं. "तुजा कागद हातात येऊ दे आदी." दिवाळीत आत्यांच्या लाडवांची ताटं घरोघर गेली तेव्हा कुठे आळीचा जीव भांड्यात पडला, आणि माझाही.

मला पदवी मिळाली त्या दिवशी मी स्वतः भाकऱ्या थापल्या आणि मामांना वाढून त्यांच्यासमोर बसले. "मामा, आज खरं सांगायचं. कशी झालीय भाकरी?"

मामांनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि गंभीरपणे म्हणाले, "पाच चिंचोके, पोरी." मग तांब्या तोंडाला लावून त्यांनी तो पुरता रिकामा केला.

पुढे मामा होते तोवर ते पाचाचे कधी चार झाले नाहीत. अन्नशास्त्रातली माझी पदवी आजही आमच्या बैठकीत टांगलेली आहे. भाकऱ्या मात्र आमचे हे निवृत्त झाल्यापासून तेच करतात.