जसाच्या तसा निरोप

एकुलती एक असूनही घरात तिला सगळे मधली म्हणत. तळमजल्यावर तिचे आईवडील, वरच्या मजल्यावर काका-काकू, आणि गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवरून दोघा भावांत वर्षानुवर्षांचा अबोला. मग निरोप्या कोण, तर ही. बाबा खालून तणतणायचे, "सांग त्याला, टाकीला हात लावलास तर बघ!" मधली वर जाऊन म्हणायची, "काका, टाकीचं जरा जपून, असं म्हणतायत बाबा." जिना चढता चढता निरोपातले काटे काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यामुळे घरात भांडण कधी पेटलं नाही आणि अबोलाही कधी संपला नाही.

एम.ए.ला तिने शेजारी देशांमधले करार हा विषय घेतला, तेव्हा काकू म्हणाली, "अगं, तुझा अभ्यास तर जिन्यातच झालाय!" पुढे अशाच विषयांवर सरकारला सल्ला देणाऱ्या एका संस्थेत तिला उमेदवारीवर घेतलं. तिघांत एक टेबल, एसीचं पाणी बादलीत ठिबकायचं, पण भिंतभर समुद्राचा नकाशा होता आणि मधली त्यावर बेहद्द खूश होती. काम जमलं तर कायम, नाहीतर नमस्कार.

काम होतं शेजारच्या देशाबरोबर मासेमारीच्या हद्दीवर झालेल्या बैठकीचं टिपण लिहिण्याचं. दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांची टिपणं शेजारी ठेवून ताडून बघायची, अशी तिथली पद्धत. पलीकडचे मिशीवाले अधिकारी टेबलावर हात आपटून म्हणाले होते, "तुमची बोट पुन्हा आत आली तर जप्त करू!" मधलीने सवयीने लिहिलं, "त्यांनी चिंता व्यक्त केली." त्यांच्या टिपणात मात्र ते वाक्य धडधडीत होतं.

विभागप्रमुख बाईंनी तिला बोलावून घेतलं. "चिंता? त्या मिशीवाल्यांना? हे वाचून आपण निर्धास्त राहिलो असतो आणि उद्या कोणा गरिबाची बोट गेली असती."

मधलीचा चेहरा उतरला. "मॅडम, वाद वाढू नये म्हणून..."

"वाद मिटवायला मी आहे. तू ऐकशील ते सगळं लिही, काही गाळू नकोस. पुढच्या बैठकीचं टिपण बघते, मग तुझं ठरवू."

पुढच्या बैठकीत मिशीवाले पुन्हा गरजले. मधलीने शब्दन् शब्द उतरवला. खुर्च्या सरकल्या, मंडळी चहाकडे वळली. ती मात्र जागेवरच थांबली. रागावलेल्या माणसाचं शेवटचं वाक्य उशिरा येतं, हे तिला घरीच कळलेलं होतं. मिशीवाले चष्मा पुसत पुटपुटले, "वादळात भरकटलेली बोट असेल, तर गोष्ट वेगळी."

"हेही लिहू?" तिने विचारलं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "लिहा."

पुढची बोलणी त्याच वाक्यापासून सुरू झाली आणि मधली कायम झाली. त्या दिवशी ती घरापर्यंत जवळजवळ पळतच आली.

बाबांना आनंद लपवता येईना, म्हणून ते ओरडले. "जा, वर सांगून ये तुझ्या काकाला! आणि म्हणावं, पाइप परत हलवलास तर कापून टाकीन."

मधली दारात थांबली. बाबांनी पेपरात तोंड घातलं. "जिना उतरताना गुडघा धरतो हल्ली," ते पुटपुटले. "डॉक्टरला दाखवलं की नाही, कोण जाणे."

असली पुटपुट आजवर तिने निरोपात धरलीच नव्हती. आज ती वर गेली, नोकरीची बातमी दिली आणि बाकीचंही सगळं सांगितलं, काडीचंही न गाळता.

काका लालबुंद झाले. "कापून टाकीन? टाकी काय त्याच्या बापाची आहे?"

"हो," मधली म्हणाली. "तुमच्याही."

काकूला हसू आवरेना. काकांनी मात्र विचारलं, "गुडघ्याचं तो स्वतः म्हणाला?"

"स्वतः."

काकांनी चपला पायात सरकवल्या आणि कठडा धरून, बडबडत, ते जिना उतरले. मधली मागोमाग आली आणि शेवटच्या पायरीवर बसली. दारातच दोघांची जुंपली. पाइप, टाकी, गच्चीची किल्ली, सगळं सगळं निघालं. कोणी तिला मध्ये घेतलं नाही आणि तिला फार बरं वाटलं. तेवढ्यात बाबा कडाडले, "आधी त्या खुर्चीवर बस! उभ्याने भांडू नकोस, गुडघा दुखेल."