बर्बरेची पाकिटं

शेजारच्या काकींच्या कांदा-लसूण मसाल्याला आमच्या कराडच्या गल्लीत तोड नाही. तरी त्या माझ्या मोबाइलवरून बर्बरेची पाकिटं मागवायच्या, दर वेळी वेगळ्या कंपनीची. बर्बरे म्हणजे इथिओपियातला लाल तिखट मसाला. त्यांचा मुलगा तिकडं गुलाबाच्या पॉलीहाऊसवर नोकरीला होता. सुट्टीला आला की आईला बाजूला बसवून स्वतः त्या मसाल्यातलं कोंबडीचं कालवण करायचा. मग तो तिकडंच तापानं गेला.

नवं पाकीट आलं की काकी आधी वास घ्यायच्या आणि मुलगा करायचा तसाच कांदा तेलाशिवाय मंद आचेवर परतत बसायच्या. कालवण झालं की मला हाक यायची.

"ह्यात मेथी लय हाय," त्या म्हणायच्या. नाहीतर, "ह्येचा नुसता रंगच."

"आवं काकी, घरीच कुटा की. तुमच्या हाताला चव हाय," मी एकदा म्हणाले.

"माज्या हातची चव घेऊन काय करू?"

गेल्या रविवारी पहिल्याच घासाला त्या थांबल्या. "ह्योच," एवढंच म्हणाल्या.

मला आनंद झाला. "अजून मागवू का?" मी विचारलं.

त्यांनी नको म्हणून मान हलवली, ताट बाजूला सारलं आणि उरलेलं पाकीट माझ्या हातात दिलं.

"तू घेऊन जा. इतके दिस मनात यायचं, चव गावली की त्यो घरात आल्यागत वाटंल," त्या म्हणाल्या. "न्हाई वाटलं."