कानाच्या मशीनवाल्या मॅडम

गुडगावच्या त्या ऑफिसात मला आधी पाणी दिलं, मग कॉफी, मग पुन्हा पाणी. तेव्हाच कळायला हवं होतं की इथे काही जमणार नाही.

मी व्हायोलिन वाजवते आणि स्वतःच्या चाली बांधते. कुठे नोकरी नाही, कुठल्या घराण्याचा शिक्का नाही. कार्यक्रम मिळाला तर करते, एरवी शिकवण्या करते. आणि बऱ्याच दिवसांपासून एक खूळ डोक्यात घेऊन बसले होते. जी आयुष्यात कधी संगीत शिकली नाहीत अशा माणसांना बसवायचं आणि दोन तासांत त्यांच्याकडून त्यांची स्वतःची चाल करून घ्यायची. दुसऱ्याचं गाणं म्हणायचं नाही. आपल्याच बोलण्यात सूर शोधायचा. आपण 'येतेस का?' असं विचारतो तेव्हा आवाज वर जातो, 'येते' म्हणताना खाली उतरतो. ते चढणं-उतरणं पकडायचं, पुन्हा पुन्हा म्हणायचं, थोडं ताणायचं, एखादा शब्द दोनदा घ्यायचा. मैत्रिणींवर, शिकवणीच्या मुलांच्या आयांवर मी हा प्रयोग केला होता आणि दर वेळी मलाच जास्त मजा आली होती. पण कार्यशाळा म्हणून उभी करायची तर हॉल हवा, माइक हवा, चहापाणी हवं, पाठीशी कुणीतरी हवं. म्हणून एक छान फाइल तयार केली होती आणि ती घेऊन मी दिल्लीभर हिंडत होते.

गुडगावचा तो तरुण अधिकारी सभ्य होता. त्याने फाइल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली, जे याआधी कुणीच केलं नव्हतं.

"वर्कशॉप के बाद लोग क्या कर पाएँगे, मॅम?"

"अपनी एक धुन बना पाएँगे."

"और उसके बाद?"

मी फाइलचं शेवटचं पान उलटून पाहिलं, त्यात 'उसके बाद' नव्हतं. त्याने मग मनापासून दुसरं काम सुचवलं. त्यांच्या वार्षिक समारंभात व्हायोलिनवर फिल्मी गाणी वाजवायची, स्टाफ नाचेल. मी विचार करून सांगते म्हटलं आणि लिफ्ट खाली पोचेपर्यंत माझा विचार करूनही झाला होता.

मेट्रोने दोन गाड्या बदलून मयूर विहारला घरी आले. दार सासूबाईंनी उघडलं. त्यांचा जन्म पहाडगंजातला, नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची. रिटायर होईपर्यंत कानाला हेडफोन लावून त्यांनी सगळ्या देशाची बोलणी जोडून दिली, आणि आता सत्तरी ओलांडल्यावर त्याच कानांनी दगा दिला होता. दोनच महिन्यांपूर्वी त्यांना कानाचं मशीन घेतलं होतं.

"काय म्हणाले ते?"

"नाही म्हणाले."

"काय?"

"नाही म्हणाले, आई!"

"अगं, ओरडतेस कशाला? मशीन लावलंय ना मी."

मी चिडून आत गेले आणि व्हायोलिन काढलं. असं काही झालं की मी नुसता सा लावून बसते. लांब, सरळ, एकाच सुराने गज ओढत. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा गज ओढला तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि गेले दोन महिने जे म्हणत होत्या तेच पुन्हा म्हणाल्या, "बघ, परत हलला तुझा सूर."

इतर वेळी मी ऐकून सोडून दिलं असतं. त्या दिवशी नाही सोडलं.

"आई, माझा सूर नाही हलत. तुमचं मशीन हलतंय."

"मशीन नवीन आहे. बिल्कुल ठीक आहे."

"मग चला उद्या. दुकानातच विचारू, कोण हलतंय ते."

दुकान आमच्याच मार्केटमध्ये, औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या मॅडम स्वतः कान तपासतात, स्वतःच मशीन बसवून देतात. मूळच्या लखनौच्या, पन्नाशीच्या, चष्मा कायम डोक्यावर आणि तो शोधत हात टेबलावर. आमचं भांडण त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. आम्ही दोघी एकदम बोलत होतो तरी.

"आप दोनों सही हैं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं. हे मशीन माणसाचं बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं असतं. बोलण्यात कुठलाच सूर फार वेळ टिकत नाही. व्हायोलिनचा लांबलचक सूर आला की मशीनला वाटतं, ही आपल्यातूनच निघालेली शिट्टी आहे, आणि ते ती बंद करायला धावतं. त्या झटापटीत सूर लटपटतो. म्हणजे मी सरळ वाजवत होते आणि सासूबाईंना खरोखरच हलताना ऐकू येत होतं. संगीतासाठी वेगळी सेटिंग करता येते, म्हणाल्या, पण समोर खरं वाद्य असेल तर ती नीट जमते.

"वायोलिन घर पर है? ले आइए ना!"

घर दहा मिनिटांवर होतं. मी सातव्या मिनिटाला परत आले असेन.

बाहेर बाकावर दोन-तीन गिऱ्हाइकं बसली होती. मी आतल्या छोट्या खोलीत उभी राहून सा लावला. सासूबाईंचं मशीन वायरने कॉम्प्युटरला जोडलेलं होतं आणि मॅडम काहीतरी एकेक बदलत होत्या. "अब?" "हिल रहा है." "अब?" "थोडा कम." "अब?"

 सासूबाईंनी डोळे बारीक केले. एक्स्चेंजमध्ये लांबच्या लाइनवरचा बारीक आवाज ऐकताना त्या अशाच बसत असतील.

"सरळ आहे," त्या मला मराठीत म्हणाल्या. "अगं, अगदी सरळ आहे. वर जा आता."

मी वर गेले. पंचमापर्यंत, मग त्याच्याही वर.

"तिथे कमी पडतेयस. जरासं."

मी ऐकलं, आणि खरंच माझा सूर जरासा खाली होता! मॅडमना हसू आवरेना. मीही हसायला लागले. दोन महिने ज्या बाईंवर मी मनातल्या मनात धुसफुसत होते त्यांनी पहिल्याच झटक्यात माझी चूक पकडली होती.

दार अर्धवट उघडलं. बाकावरचे एक उंच, ताठ गृहस्थ आत डोकावत होते. "माझ्या मशीनला पण दाखवा की हे," ते मराठीत म्हणाले. आमचं बोलणं ऐकून त्यांनी ओळखलं होतं. मूळचे साताऱ्याकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, मुलगा दिल्ली कँटमध्ये नोकरीला, आणि हे सध्या मयूर विहारला मुलीकडे. मग त्यांच्यासाठी वाजवलं. मग बाहेरच्या एका आजींसाठी. तासाभरात त्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही आणि माझा गज काही थांबेना.

गर्दी पांगल्यावर मॅडमनी चहा मागवला आणि मनातलं बोलल्या. लोक हौसेने मशीन घेतात आणि महिन्याभरात ड्रॉवरमध्ये टाकतात. म्हणतात, आवाज खूप येतो, कळत काही नाही. कानाला पुन्हा ऐकायची सवय लावावी लागते, पण घरी बसून एकट्याने कोण लावणार? "आज पहली बार मैंने देखा कि लोग मशीन उतारना नहीं चाहते थे," त्या म्हणाल्या, आणि मला विचारलं, "आप करती क्या हैं?"

मी फाइल घरीच विसरले होते. बरं झालं. तोंडाने सांगत सुटले, बोलण्यातून चाल कशी निघते ते सासूबाईंच्या 'सरळ आहे' या दोन शब्दांवरूनच गाऊन दाखवलं.

"और वर्कशॉप के बाद?" त्यांनी विचारलं.

तोच प्रश्न. पण आता माझ्या तोंडून उत्तर आपोआप आलं. "धुन बनानी है तो दो घंटे सुनना पड़ेगा. खुद को भी और दूसरों को भी. फिर सुनने की आदत पड़ जाएगी."

मॅडमनी चष्मा डोक्यावरून काढून टेबलावर ठेवला. "तीन वर्कशॉप मेरी तरफ से. हॉल, चाय, आपकी फीस, सब."

मी कप खाली ठेवून मनात तारखा मोजायला लागले. सासूबाई मात्र एकदम सावध झाल्या. "मेरी बहू मुफ्त में नहीं करेगी," त्यांनी ठणकावून सांगितलं.

"आई, त्या फीच देतायत."

"अच्छा? मग ठीक आहे."

पहिली कार्यशाळा जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. धुकं इतकं होतं की कुणी येईल असं वाटेना. नऊजण आले, नऊही जण कानटोप्या घालून, आणि हॉलमध्ये कुई-कुई सुरू झाली. मशीनवर कापड दाबलं गेलं की ते शिट्टी मारतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मॅडम सगळ्यांना टोप्या काढायला सांगत फिरल्या. थंडीने कुडकुडत, केस विस्कटलेले नऊ ज्येष्ठ नागरिक माझ्याकडे बघत बसले. मला इतकी खुशी होत होती की जुळलेल्या तारा मी पुन्हा एकदा जुळवल्या.

मी म्हटलं, तुम्ही रोज सर्वांत जास्त वेळा म्हणता ते एक वाक्य सांगा.

 मग सुभेदार उभे राहिले. उभं राहायची काही गरज नव्हती. ते म्हणाले, "जरा जोर से बोलो."

आख्खा हॉल हसला. कारण ते सगळ्यांचंच वाक्य होतं. एक सरदारजी तर टाळ्याच वाजवू लागले. मी सुभेदारांना ते पुन्हा म्हणायला लावलं, आणखी एकदा, आणि त्यातला सूर व्हायोलिनवर धरला. 'बोलो'ला आवाज वर उसळत होता. सगळ्यांनी मिळून म्हटलं. ताल आपोआप आला, सरदारजींनी तो मांडीवर धरला.

सासूबाई इतका वेळ हाताची घडी घालून बसल्या होत्या. गाणार नाही, नुसती बघायला येते, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं.

"हे सकाळचं झालं," त्या अचानक म्हणाल्या. "चिडून म्हटलेलं. दिवसभर विचारून विचारून संध्याकाळी माणूस असं नाही म्हणत."

"मग कसं म्हणतो, आई?"

त्यांनी म्हणून दाखवलं. हळू, शेवटी खाली उतरत, 'बोलो' जवळजवळ पुसट. कुणी हसलं नाही. मी तो उतार धरला, आणि दोन ओळी झाल्या. पहिली चढणारी, दुसरी उतरणारी. अर्ध्यांनी पहिली घेतली, अर्ध्यांनी दुसरी. मग दुकानात भेटलेल्या त्या आजींना वाटलं, मध्ये उत्तरही हवं, घरचे देतात ते: "कुछ नहीं, कुछ नहीं." ते इतकं नेमकं होतं की सगळे त्यावर तुटून पडले. दोन तास संपले तेव्हा त्या नऊजणांची एक पूर्ण चाल तयार होती. तशी मी एकटीने बसून कधीच बांधली नसती.

सुभेदारांची मुलगी त्यांना न्यायला आली होती. ती दारातच उभी राहून ऐकत होती. चाल संपल्यावर ती आत आली आणि वडिलांच्या अगदी समोर उभी राहून, त्यांना आपले ओठ दिसतील असं, सावकाश आणि स्पष्ट म्हणाली, "बाबा, घरी जाऊया?"

"जाऊया की," ते म्हणाले. "पण अजून एकदा म्हणू दे."

सगळ्यांनी आणखी एकदा म्हटलं. मग आणखी एकदा.

दुसऱ्या कार्यशाळेला मॅडमनी दारात छोटा फलक लावला, त्यावर त्यांच्या दुकानाचं नाव आणि खाली माझं. पण तो वाचायला कुणी थांबलं नाही, कारण लोक खुर्च्या शोधत होते. नऊचे सव्वीस झाले होते. मशीनवाले आपापल्या नवरा-बायकोला, सुनांना, शेजाऱ्यांना घेऊन आले होते. आम्ही चार फ्लॅटमधून डायनिंगच्या खुर्च्या लिफ्टने खाली आणल्या. मॅडम एका हातात खुर्ची आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन नोएडाच्या कुणाला तरी सांगत होत्या, हो, हो, तिसरी पण होणार आहे, आणि चौथीचं मी बघते. ते 'चौथी' ऐकून मी इतकी हरखले की तारा न जुळवताच पहिला सूर लावला.