दोनशे डबे आणि एक हौ

आमच्या गच्चीच्या चारी कोपऱ्यांत अजून लोखंडी सळया उभ्या आहेत. मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात निम्म्या घरांवर अशा दिसतील, वरची खोली पुढेमागे बांधू म्हणून स्लॅब टाकतानाच सोडलेल्या. आमच्या सळयांना आता चांगला गंज चढलाय. त्या खोलीसाठी मी आठ वर्षं पैसे साठवले होते. पूर्वेला खिडकी, भिंतभर पुस्तकांची फळी, आणि दार लावलं की कोणी हाक मारायची नाही, असा माझा बेत. ते पैसे गेले कुठे, तर जपानी कार्टूनच्या डिस्कमध्ये. लोक हसतात. हसोत बापडे.

आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. मी कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क, बाबा सिंचाई विभागातून रिटायर झालेले. संध्याकाळचा चहा झाला की पुढे काय बोलायचं, हा दोघांनाही प्रश्न. मला ॲनिमेचा, म्हणजे या जपानी कार्टूनचा, नाद फार जुना. मारामारीवालं नाही, शांत, ज्यात फारसं काही घडत नाही असं. एक दिवस मोबाईल टीव्हीला जोडून मी एक मालिका लावली. डोंगरातल्या भातशेतीच्या गावात एक म्हातारा कालव्याच्या फाटकावर नोकरीला असतो. रोज फाटक उघडतो, कोणीतरी येऊन बसतं, दोन गोष्टी बोलतं आणि निघून जातं. बस, एवढंच. बाबांचा जन्म कालव्यावर गेलेला, म्हटलं त्यांना आवडेल. खालची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचवत नव्हती, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगायची.

असे दहा भाग झाले. अकराव्या दिवशी ॲप उघडलं तर मालिकाच गायब. कराराची मुदत संपली म्हणे! बारा भागांतले दोन राहिले असताना! मला असा संताप आला की मोबाईल आपटायचाच बाकी होता. बाबांना विचारलं, शेवटचे दोन भाग पाहायचे आहेत ना? ते म्हणाले, "हौ-हौ." झालं. मी पदर खोचला.

शिकताना माझ्या वर्गात असलेला एक जण नागपूरला अशा मालिकांच्या डिस्क काढून विकतो. डिस्क एकदा घरात आली की कोणाच्या बापाला ती परत नेता येत नाही, म्हणून मी त्याला फोन लावला. त्याने मला सरळ हिशेब समजावला. जपानी कंपनी आधीच ठरलेली रक्कम घेते, मग तुमची एक खपो की हजार. वर भाषांतर, सेन्सॉरचं सर्टिफिकेट, डबा, त्यावरचं चित्र. आणि कारखाना पाचशेच्या खाली ऑर्डरच घेत नाही. कमी काढाव्यात तर एकेक इतकी महाग पडते की कोणी हात लावत नाही, जास्त काढाव्यात तर घरात पडून राहतात. मारामारीच्या मालिकेला पोरं तुटून पडतात, या कालव्यावरच्या म्हाताऱ्याला कोण विचारतो? आणि ज्याला हवा आहे तो मोबाईलवर चोरून पाहतो. देशभरातले त्याचे नेहमीचे वेडे तीनशे घेतील, पण उरलेल्या दोनशेंची जोखीम घेणार नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. मागे अशाच एका मालिकेत त्याचे हात पोळले होते. मी म्हटलं, दोनशे माझे. तो म्हणाला, ही ब्लू-रे आहे, साधी सीडी नाही, नीट विचार कर. केला, म्हटलं मी. कुठला केला होता!

पण मी अगदीच खुळी नव्हते. आधी गिऱ्हाईक पक्कं करायचं, एवढी अक्कल मला होती. वही केली. कॉलेजात विचारलं. लालबर्ऱ्याच्या आत्याकडे गेले तेव्हा तिची सगळी गल्ली विचारली. परसवाड्याला लग्नात पंगतीत बसल्या बसल्या विचारलं, मलाजखंडच्या कॉलनीत मावसबहिणीला कामाला लावलं. जपानी गोष्ट आहे, धानाच्या शेतीची आहे, खाली मराठी अक्षरं येतील, घ्याल का? जो तो म्हणाला, हौ-हौ, घेऊ ना. वहीत सव्वादोनशे नावं झाली. म्हणजे दोनशेही कमीच पडणार होते.

मग मी बाबांसमोर उभी राहिले. ते पेपर वाचत होते. ते रागावले असते तर पुढे काही बोलायची सोय नव्हती.

"बाबा, वरच्या खोलीचे पैसे याच्यात घालू का?"

त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडे पाहिलं. "हौ," म्हणाले, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी शिरा केला.

इंग्रजी अक्षरं डिस्कवर होतीच, जोडीला मराठी अक्षरांचं काम मीच केलं. सहा महिने रोज संध्याकाळी तेच. शब्द अडला की बाबांना विचारायची. कालव्यातून शेतात पाणी जातं त्या नळाला आपल्याकडे कुलाबा म्हणतात, हा शब्द त्यांचाच. ते सांगायचे, मी लिहायची, आणि मला वाटायचं, बाबा किती मन लावून बसतात!

डबे आले. बैठकीत दिवाणाच्या मागे भिंतीपर्यंत खोकी लागली. मी वही उघडून एकेकाला फोन सुरू केले. हौ-हौ, येतो ना. हौ-हौ, या महिन्याची तनखा होऊ दे. आपणहून कोणी आलं नाही. मागे लागून महिनाभरात एकोणीस गेले. त्यातले चौदा जण आठ दिवसांत डबा घेऊन परत. मशीन म्हणते, डिस्कच नाही. ब्लू-रे साध्या डीव्हीडीच्या मशीनवर चालत नाही, हे मी कोणाला सांगितलंच नव्हतं. आणि सांगू कोणत्या तोंडाने? ब्लू-रेचं मशीन आमच्याच घरात नव्हतं. सहा महिने अक्षरं बसवत बसले, आणि डिस्क लावायची कशावर, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ऑफिसातल्या एका थोरल्या बाईंपुढे मी रडले, अगदी टेबलावर डोकं ठेवून. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "लोकायनं तुले हौ कितीदा म्हणलं होतं, एकदा का दोनदा?"

मी वर पाहिलं.

हौ एकदा म्हणजे हो. हौ-हौ म्हणजे ऐकलं, वाईट नको वाटून घेऊ, आता सोड. हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? मी जन्मले इथे! विमा एजंटला मी स्वतः कित्येक वर्षं हौ-हौ म्हणत आलेय. माझी अक्कल त्या दिवसांत कुठे चरायला गेली होती, देव जाणे.

नागपूरच्या त्या भल्या माणसाने स्वतःचं जुनं मशीन पाठवून दिलं. त्याचे तीनशे खपले होते, आणि माझं ऐकून त्याला वाईट वाटलं होतं. रविवारी दुपारी मी ते टीव्हीला जोडलं, बाबांना खुर्ची दिली आणि अकरावा भाग लावला. मराठी अक्षरं छान ठसठशीत येत होती. मला म्हटलं तर रडू येत होतं, म्हटलं तर अभिमान वाटत होता.

भाग संपत आला तेव्हा बाबांनी विचारलं, हा म्हातारा कोण होय. मी चमकले. मग ते म्हणाले, "फाटक उलटं फिरवून राह्यला तो. पयल्या दिवसापासून उलटंच फिरवते."

मी चित्र थांबवलं. म्हटलं, बाबा, तुम्हाला हे आवडत होतं ना? शेवटचे दोन भाग पाहायचे का विचारलं, तेव्हा काय म्हणाला होता?

"हौ-हौ म्हणलं होतं."

दोनदा. खरंच की, दोनदाच म्हणाले होते. मी ते ऐकलंच नव्हतं. ते म्हणाले, चित्रातलं त्यांना काही कळत नव्हतं, पण मी रोज बाजूला बसून वाचत होते, ते बरं वाटत होतं. मग माझा पारा चढला. एवढंच होतं तर आठ वर्षांचे पैसे मला यात घालू कशाला दिले? एका शब्दाने अडवलं असतं तर?

बाबा बराच वेळ आपले गुडघे चोळत राहिले.

"वर खोली झाली असती त तू वर राह्यली असती," ते म्हणाले. "मले जिने चढनं होते का?"

राग होता, तो कुठे ठेवावा कळेना. मला ती वही आठवली. सव्वादोनशे माणसांनी मला दोनदा हौ म्हटलं होतं. एकदाच म्हणणारे एकटे बाबा, आणि तेही खोलीचे पैसे मोडू का विचारलं तेव्हा.

दिवाणामागची खोकी तशीच होती. अजूनही बरीचशी आहेत. कधी केरळातून, कधी शिलाँगवरून कोणी एखादा डबा मागवतं, आणि मी तो पोस्टात टाकून येते. त्या दुपारी मी नुसती उठले, पंखा वाढवला, त्यांच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि बसले.

"बाबा, बारावा लावू का?"

"हौ-हौ," ते म्हणाले, आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.