मागच्या बाकावरून

आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना मुलं पाठीमागे ‘पट्टी’ म्हणायची. बाईंनी पट्टी कुणावर उगारली नाही कधी; पण फळ्यावरची त्यांची एक ओळ वाकडी जाईल तर शपथ! अपूर्णांकाचं नाव काढलं की रडणारी पोरंही त्यांच्या हाताखाली पास व्हायची.

शिक्षक तयार करणाऱ्या एका कॉलेजनं आमच्या शाळेशी करार केला. त्यांच्या विद्यार्थ्यांनी दहा आठवडे खऱ्या वर्गात शिकवायचं, शाळेतल्या जुन्या शिक्षकानं त्यांना सांभाळून घ्यायचं आणि शेवटचा शेरा कॉलेजनं आणि त्या शिक्षकानं मिळून लिहायचा. मुख्याध्यापकांनी पहिलं नाव बाईंचंच दिलं.

त्यांच्या वाट्याला आली एक बारीक आवाजाची, हौशी मुलगी. अपूर्णांक शिकवायचे म्हणून तिनं सहावीच्या पोरांना रंगीत कागद दुमडायला दिले. वर्गात हा गोंगाट! मागच्या बाकावर बसलेल्या बाईंना राहवलं नाही. “थांबा, असं नाही,” म्हणत त्या उठल्या, तिच्या हातातला खडू घेतला आणि पाच मिनिटांत सगळं फळ्यावर मांडून मोकळ्या झाल्या.

मनात वाईट काही नव्हतं. पण हे रोजचंच झालं. तिसऱ्या आठवड्यापासून तिचं वाक्य संपलं, की पोरं माना वळवून बाईंकडे बघायला लागली.

मी शिक्षकखोलीत एकदा म्हटलं, “बाई, चुकू द्या की तिला थोडं.”

“आणि पोरांचं नुकसान? ते तू भरून देणार?”

मी पुढ्यातल्या वह्या तपासायला घेतल्या. विषय तिथंच सोडायला नको होता.

सहाव्या आठवड्यात कॉलेजचे सर तिचा पाठ बघायला आले. त्या दिवशी बाई हाताची घडी घालून, तोंड मिटून बसल्या. मुलीनं पहिलं उदाहरण मांडलं. पोरांनी सवयीनं मागे पाहिलं. मग तिनंही पाहिलं, आणि पुढे तिच्या तोंडून शब्दच फुटेना. सरांनी लिहिलं, ‘वर्गावर पकड नाही.’ खाली बाईंनी सही केली.

सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. तेव्हा बाई कॉलेजात गेल्या.

“सर, पकड मी बसू दिली नाही. शेरा बदला.”

“दुसरी शाळा देतोय की आम्ही तिला,” सर म्हणाले. “पण तीच नको म्हणतेय.”

त्यानंतर बाईंकडे सात जण शिकून गेले. ते शिकवत असताना बाई बाहेर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायच्या. सातही जण आज चांगले शिक्षक आहेत. कुणी त्याचं कौतुक केलं, की बाई विषय बदलायच्या.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी त्या मुलीला पत्र लिहून माफी मागितली. आलेलं उत्तर त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

‘बाई, राग नाही. औषधांच्या दुकानात काम करते, बरं चाललंय. परवा भाचीला भागाकार समजावत होते. मध्येच थांबून मागे पाहिलं. ती म्हणाली, मावशी, मागे कोण आहे?’

“काय लिहू गं हिला?” बाईंनी विचारलं.

मी पत्राची घडी घालून ते त्यांना परत दिलं. त्या पत्राला उत्तर गेलंच नाही.