ओवीचं जावळ

ओवी गेली. आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी.
डॉक्टरांनी दाजींना सांगितलं, दाजींनी मला.

माझ्या धाकट्या बहिणीची, रेखाची मुलगी. अकरा महिन्यांची.

जन्मतःच हृदयाला छिद्र होतं आणि डोक्यात पाणी साठत होतं. मान धरायची नाही. पण कुकरची शिट्टी झाली की हसायची.
रेखा म्हणायची, "हिच्यापायी रोज दोनदा वरण शिजवून राह्यले मी."

हृदयाचे डॉक्टर म्हणायचे, वजन वाढू द्या. मेंदूचे म्हणायचे, डोक्यात नळी टाकायला उशीर नको, पण हृदयाला भूल सोसेल का ते आधी विचारून या.
यात महिने गेले.

शेवटी दोघांचं जमलं. गुरुवारी भरती व्हा, नळीसाठी डोक्यावरचे केस इथेच काढू.

रेखाच्या सासूबाई अडल्या. पहिलं जावळ राजूरच्या गणपतीला, मामाच्या मांडीवर. दवाखान्यात परक्या हाताने नाही.
दाजींनी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, मग बुधवारीच उरकून घ्या.

मामा म्हणजे मी.
आमची दिवाळी पुरवणी शनिवारी छपाईला जायची होती. मी म्हटलं, रविवारी येतो.
सासूबाई म्हणाल्या, "पेपरवाल्या मामाला भाचीसाठी टाइम न्हाई." सगळे हसले. मीही.
भरती सोमवारवर गेली.

रविवारी राजूरला ओवी माझ्या मांडीवर होती. न्हाव्याने डोकं भिजवायला हात लावला आणि वस्तरा खाली ठेवला.
"मामा, लेकरू तापलंय. आधी दवाखान्यात न्या."

न्यूमोनिया. तीन आठवडे व्हेंटिलेटर. ऑपरेशनचा विषय पुन्हा निघालाच नाही.

आज डॉक्टरांना विचारलं, गुरुवारी आणलं असतं तर?
"सांगता येत नाही. अशा मुलांचं एक दुखणं दुसऱ्या दुखण्याच्या इलाजाला आडवं येतं. ऑपरेशन होऊनही काही मुलं जातात."
तरीही वाचली नसती, असं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मघाशी सासूबाईंनी नर्सकडे कात्री मागितली. निदान एक बट तरी गणपतीला वाहू म्हणाल्या.
रेखा सकाळपासून पहिल्यांदा बोलली.
"न्हाई आई. आता हात नका लावू. केसासगट जाऊ द्या तिला."

कागद होत आले आहेत. दुपारी एकच्या सुमारास गाडी गावात पोचेल. मळ्यात जागा करायला माणसं गेली आहेत.

तोवर ती मामाच्या मांडीवर असेल.